आपोआप

आम्हा हैदराबादच्या मराठी घरांतून हुसेनसागराविषयी बोलणे निघाले, की एक शब्द हमखास येतो : ‘आपोआप’. गणपतीचे निर्माल्य पाण्यात सोडले, ते आपोआप विरते. गढूळ पाणी आपोआप निवळते. निवळणे ही मातीची गोष्ट झाली. विरणे मात्र आपोआप होत नाही. ते कोणीतरी करीत असते.

फुले, पाने, मेलेली मासळी, मैलापाणी या साऱ्यांत नत्र असते. कुजविणारे जिवाणू त्याचा अमोनिया करतात, आणि तो साचला तर माशांना विष ठरतो. दुसरे जिवाणू प्राणवायूच्या साहाय्याने त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. रशियन शास्त्रज्ञ विनोग्रादस्की यांनी १८९० च्या सुमारास या जिवाणूंचा छडा लावला. ही दोन कामे दोन निराळ्या जिवाणूंचीच, असा समज शतकाहून अधिक काळ होता. दोन्ही एकट्याने उरकणारे नायट्रोस्पायरा जिवाणू २०१५ साली उजेडात आले. पुढे नायट्रेट तळच्या गाळात उतरते. तेथे प्राणवायू नसल्याने तिथले जिवाणू नायट्रेटवरच श्वसन भागवितात आणि नत्र वायुरूपाने हवेत परत धाडतात. तळ्याच्या घराचा वरचा मजला हवेशीर व तळघर बंद असेल, तरच हा व्यवहार पुरा होतो.

१५६२ साली बांधलेल्या, एके काळी शहराला पिण्याचे पाणी देणाऱ्या या तलावात वाढत्या शहराचे सांडपाणी येऊ लागले. घाण प्रमाणाबाहेर गेली, की ती कुजविण्यातच प्राणवायू संपतो. मग नायट्रेट तयार होत नाही आणि गाळातील मंडळी बेकार होतात. अमोनिया साचतो, शेवाळ माजते आणि रात्री तेही उरलासुरला प्राणवायू ओढून घेते. अशा तळ्यांत मासे बहुधा पहाटे मेलेले आढळतात, ते यामुळेच.

सांडपाण्यापुढे निर्माल्याचा वाटा किरकोळ आहे, हे खरे. पण ते सांडपाणीही आमच्याच न्हाणीघरांतून निघते. शुद्धीकरण केंद्रांत हेच जिवाणू हवा देऊन पोसले जातात, म्हणजे तळ्याचे काम तळ्याआधीच उरकून घेतले जाते. निर्माल्य परसातल्या खड्ड्यात पुरणे आमच्या हातचे आहे. केंद्रांसाठी आग्रह धरणे हेही आमचेच काम. पिढ्यान्‌पिढ्या ज्या शहराने आम्हांला सामावून घेतले, त्याच्या तळ्याविषयी बोलताना ‘आपोआप’ हा शब्द आता आम्ही जपून वापरावा.