मुलुंडचा लेगस्पिनर

पावसाळ्यातल्या रविवारी सकाळी मुलुंडहून सुटणाऱ्या स्लो लोकलमध्ये किटबॅग घेतलेली माणसं चढतात. त्यांत पोरसवदा असतात, तसे कानशिलावर पांढरे केस आलेलेही असतात. आठवडाभर कचेरीत मान मोडून काम केलेलं असतं. सीएसएमटीला उतरून ही मंडळी आझाद मैदानाच्या चिखलात शिरतात. कांगा लीग 1948 पासून अशी ऐन पावसाळ्यात चालत आली आहे. खेळपट्टी उघडी, गवत माजलेलं, फटका कितीही कडक मारला तरी चेंडू मध्येच रुतणार. एका सामन्याचा कव्हर दुसऱ्या सामन्याच्या लाँगऑनला पाठ लावून उभा. इथे पाच बळी घेतले तर पेपरात बारीक टायपात नाव येतं, तेवढीच काय ती कमाई.

प्रवीण तांबे या माणसांतला. जन्म 8 ऑक्टोबर 1971चा. ओरिएंट शिपिंगच्या संघाकडून तो खेळायचा, कांगा लीगमध्ये पारशी सायकलिस्ट्सकडून. सुरुवातीला मध्यमगती गोलंदाज होता. ओरिएंटचा कर्णधार अजय कदमनं त्याला लेगस्पिन टाकायला सांगितलं आणि त्यानं ऐकलं.

हे ऐकणं सोपं नव्हतं. लेगस्पिन लहानपणीच मनगटात मुरावी लागते. तर्जनी आणि मधलं बोट शिवणीवर, चेंडू टेकलेला दुमडलेल्या अनामिकेवर, आणि सोडताना सारा पीळ त्या अनामिकेनं द्यायचा. मनगट जरा लवकर उघडलं की फुलटॉस, जरा उशिरा उघडलं की चेंडू आपल्याच पायाशी. मध्यमगती गोलंदाजाला रुळलेली लय मोडून पुन्हा श्रीगणेशा करायचा, तोही कुणी बघत नसताना.

मुंबईच्या रणजी संघाचं दार काही उघडलं नाही. मग 7 मे 2013 रोजी जयपूरला दिल्लीविरुद्ध राजस्थान रॉयल्सनं त्याला मैदानात उतरवलं. वय 41. त्याआधी प्रथम श्रेणीचा एकही सामना नावावर नव्हता. त्या आयपीएलमध्ये तीन सामने मिळाले, बळी एकही नाही. कुणालाही वाटलं असतं, संपलं.

त्याच वर्षीच्या चॅम्पियन्स लीगमध्ये मात्र त्यानं 12 बळी घेतले, स्पर्धेत सर्वाधिक. 6 ऑक्टोबरला दिल्लीत अंतिम सामना झाला, समोर मुंबई इंडियन्स. राजस्थान हरलं. तो सचिन तेंडुलकर आणि राहुल द्रविड या दोघांचाही शेवटचा ट्वेंटी-20 सामना. दोघांचा जन्म 1973चा, म्हणजे दोघंही तांबेहून लहान. कीर्तीचं शिखर गाठून ते निरोप घेत होते आणि त्यांच्याहून वयानं मोठा माणूस त्याच हिरवळीवर नुकता कुठे सुरुवात करत होता. त्याच मोसमात त्याला मुंबईची रणजी टोपीही मिळाली.

5 मे 2014, अहमदाबाद. आयपीएलमध्ये कोलकाता बिनबाद 121, मग दुसऱ्या टोकाकडून तीन बळी झटपट गेले. तांबेच्या हाती चेंडू. मनीष पांडे पुढे सरसावला, चेंडू वाइड गेला आणि यष्टिरक्षक संजू सॅमसननं यष्ट्या उडवल्या. पुढच्या चेंडूवर युसूफ पठाण, त्यानंतर टेन डोशाटे. वाइड चेंडू मोजला जात नाही, म्हणून दोनच वैध चेंडूंत हॅट्‌ट्रिक. 121 वर शून्य बाद असलेला संघ बघता बघता 6 बाद 123 झाला आणि राजस्थान दहा धावांनी जिंकलं.

डिसेंबर 2019च्या आयपीएल लिलावात कोलकात्यानं 48 वर्षांच्या तांबेला घेतलं, पण परदेशी टी-10 लीग खेळल्यामुळे तो अपात्र ठरला. दुसरा कुणी असता तर किट माळ्यावर टाकून मोकळा झाला असता. हा 2020 मध्ये त्रिनबागो नाइट रायडर्सकडून कॅरेबियन लीगमध्ये उतरला, तिथे खेळणारा पहिला भारतीय म्हणून. तो संघ बाराच्या बारा सामने जिंकून विजेता ठरला.

त्याच्यावर सिनेमा निघाला, 2022 मध्ये. आता लोक म्हणतात, उशिरा का होईना, चीज झालं. हे मला पटत नाही. असं म्हटलं की आधीची वीस वर्षं नुसती वाट पाहण्यात गेली असं होतं. पांडेला चकवणारा तो चेंडू अहमदाबादेत जन्मला नव्हता. कचेरीच्या संघाच्या नेटमध्ये, ओल्या मैदानांवर, कुणी टाळ्या वाजवत नसताना तो घडत होता. निवड न होताही जो माणूस पुढच्या रविवारी पुन्हा बूट बांधतो, त्याच्या खेळाला पूर्णत्व यायला कुणाच्या शिक्क्याची गरज नसते. अंधेरी-बोरिवलीत, घाटकोपर-मुलुंडमध्ये असे कितीतरी गोलंदाज आजही आहेत, ज्यांना कधीच फोन येणार नाही. त्यांचाही खेळ तितकाच खरा आहे. जगाला तांबे 41व्या वर्षी दिसला. क्रिकेटपटू तो त्याच्या कितीतरी आधी झालेला होता.