केबिन बदलली, गारवा राखला

दोस्तांनो, एकाचं डोकं दुसऱ्याच्या धडावर बसवता येत नाही. गणपतीबाप्पाची गोष्ट वेगळी! पण पिकअप गाडीच्या बाबतीत हे जमतं. आमच्या सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या बाजूला एका गॅरेजमध्ये मी चार दिवस बसून ते पाहिलं.

पिकअप म्हणजे पुढे केबिन आणि मागे उघडा हौदा असलेली गाडी. भाजी, कांदे, पाण्याचे जार घेऊन तुमच्या दारावरून रोज जाते ती. तिच्या तळाशी दोन लांब लोखंडी तुळयांची शिडीसारखी चौकट असते. तिला चेसिस म्हणतात. इंजिन, चाकं, हौदा, केबिन अशी सगळी मंडळी या शिडीवर बसलेली. केबिन तर रबरी बुशांवर ठेवून बोल्टांनी आवळलेली असते. म्हणूनच ती सोडवून उचलता येते.

माझे धाकटे काका अशीच एक जुनी पिकअप चालवतात. सांगोल्याची डाळिंबं, कधी सोलापूरच्या बाजार समितीतला कांदा, जे भाडं मिळेल ते. गाडीचं इंजिन ठणठणीत, पण केबिनचा पत्रा गंजून पार सडला होता. पायाखालच्या भोकातून रस्ता दिसायचा! त्यातच काकांना भंगारवाल्याकडे त्याच घडणीची दुसरी पिकअप सापडली. तिची चेसिस अपघातात मागून वाकलेली, पण केबिन धडधाकट. आणि त्या केबिनमध्ये एसी होता.

लगेच सल्ले सुरू झाले. "केबिन घे, पण एसी काढून टाक. खर्च वाचेल."

"माल वाहणाऱ्या गाडीला कशाला हवी थंड हवा?"

काका एवढंच म्हणाले, "मागच्या मे महिन्यात मंगळवेढ्याजवळ मला भोवळ आली होती, ते विसरलात?"

सगळे गप्प झाले. सोलापूरचा उन्हाळा काय सांगावा! एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो. त्यात पुढून इंजिनाची धग आणि वरून तापलेला पत्रा. घामावाटे शरीरातलं पाणी आणि क्षार निघून जातात, लक्ष उडतं, डोळे मिटायला लागतात. घरात असलो तर आपण आडवे होतो. स्टिअरिंगवरच्या माणसाला ते कसं परवडेल? त्या दिवशी काकांनी वेळीच गाडी लिंबाखाली उभी केली, म्हणून निभावलं.

तेव्हा एसी ठेवायचाच, असं ठरलं. पण हे काम सरळ नव्हतं. का, ते समजायला आधी एक छोटा प्रयोग करा. मोठ्यांना विचारून हातावर थोडं स्पिरिट लावा आणि फुंकर घाला. गार लागतं ना? स्पिरिट उडून जाताना तुमच्या हाताची उष्णता घेऊन जातं. माठातलं पाणी याच कारणाने थंड होतं. एसीतही हेच घडतं. फरक एवढाच, की उडून गेलेला गॅस पकडून पुन्हा वापरतात.

डॅशबोर्डच्या आड एक कूलिंग कॉइल असते. तिथे द्रवरूप गॅसची वाफ होते आणि ती केबिनमधली उष्णता शोषते. इंजिनाला जोडलेला कॉम्प्रेसर ती वाफ ओढून दाबतो, तेव्हा ती चांगलीच तापते. मग ती रेडिएटरपुढच्या कंडेन्सरमध्ये जाते, बाहेरच्या वाऱ्याला उष्णता देऊन पुन्हा द्रव होते आणि कॉइलकडे परत निघते. अशी ही अखंड माळ.

आता मेख लक्षात आली का? माळेचा एक मणी केबिनमध्ये आणि बाकीचे बाहेर, इंजिनाच्या बाजूला! नुसती केबिन उचलली तर माळ तुटणार.

एक वाट होती. कॉम्प्रेसर आणि कंडेन्सर सोडवायचे, पण नळ्या न उघडता सगळं केबिनला बांधून एकदमच उचलायचं. उस्तादांनी नळ्या चाचपल्या आणि मान हलवली. "रबर जुनं हाय मालक. वजन लोंबकळलं की चीर पडंल. त्यापरीस गॅस काढू."

शेजारचा पोरगा पाना घेऊन धावला. "सोडू का नट? दोन मिनिटांत फुस्स!"

"अरे थांब!" उस्ताद ओरडले. "ही काय सायकलच्या टायरातली हवा हाय व्हय?"

उस्तादांचं बरोबर होतं. फार जुन्या गाड्यांत आर-१२ नावाचा गॅस असायचा. तो आभाळातला ओझोनचा थर खातो असं कळल्यावर १९८७ साली मॉन्ट्रियल करार झाला आणि २०१० पासून आपल्या देशातही तो बंद झाला. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या १३०० पटींहून जास्त भारी. समजा, गाडीत अर्धा किलो गॅस आहे. तो हवेत सोडणं म्हणजे जवळजवळ अडीचशे लिटर डिझेल जाळल्यासारखं! एका केबिनच्या गारव्यासाठी सगळ्यांची हवा तापवायची, हा कुठला न्याय?

मग एसीवाल्याला बोलावलं. त्याने यंत्र लावून सगळा गॅस टाकीत ओढून घेतला. नळ्यांची उघडी तोंडं लगेच बुचांनी बंद केली, कारण आतल्या तेलाला दमट हवा लागलेली चालत नाही.

पुढचं काम चेन-कप्पीचं. स्टिअरिंगचा दांडा, वायरी, क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या केबल, ब्रेकच्या नळ्या असं एकेक सुटत गेलं. प्रत्येक वायरीला कागदी चिठ्ठी लावली होती. कुठली कुठे जाते हे डोक्यात ठेवायचं नाही, असा उस्तादांचा नियम. साखळी खडखडली आणि काकांची जुनी केबिन वर गेली. तिच्याखालची उघडी गाडी बघून मला टोपी काढलेल्या टकल्या माणसाची आठवण झाली! मग नवी केबिन अलगद खाली आली.

एसीसाठी केबिनखेरीज बरंच सामान दुसऱ्या गाडीवरून आणावं लागलं: कॉम्प्रेसर, तो इंजिनावर बसवायची पट्टी, जादा पट्ट्याची पुली, कंडेन्सर, त्याचा पंखा, वायरी. दोन्ही इंजिनं एकाच जातीची, म्हणून सगळं जिथल्या तिथे बसलं. नळ्या, सांध्यांतल्या रबरी रिंगा आणि ओल शोषणारा ड्रायर मात्र नवे घातले.

काकांना घाई झाली होती. "आता भरा की गॅस!"

"गारवा मागनं. आधी ब्रेक," उस्ताद म्हणाले. ब्रेकच्या नळ्या उघडल्या की आत हवेचे बुडबुडे शिरतात, आणि मग पाय दाबला तरी गाडी थांबत नाही. ते बुडबुडे काढून, ब्रेक कडक लागतो हे दहादा पाहूनच ते एसीकडे वळले.

पंपाने नळ्यांतली हवा ओढून काढली. दाब इतका कमी झाला की उरलीसुरली ओल तापवल्याशिवायच उकळून वाफ होऊन निघून गेली. पंप बंद करून अर्धा तास काटा पाहिला. काटा हलला नाही, म्हणजे गळती नाही. मग वजन करून गॅस भरला. बाहेर सावलीत ४२ अंश होते. डॅशबोर्डच्या जाळीपाशी माझा थर्मामीटर १४ दाखवत होता!

मग ही गाडी जुनी म्हणायची की नवी? कायद्याच्या लेखी जुनीच. गाडीची ओळख चेसिसवर कोरलेल्या नंबरात असते, त्यामुळे एमएच १३ ची पाटी तीच राहिली. फक्त केबिन पांढऱ्याची निळी झाली, म्हणून आरटीओत जाऊन रंगाची नोंद बदलून घ्यावी लागली.

दोस्तांनो, १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या मालट्रकांच्या केबिनला एसी असलाच पाहिजे, असा नियम आपल्या देशात झाला आहे. पण तो मालासकट साडेतीन टनांपेक्षा जास्त वजनाच्या गाड्यांसाठी. काकांसारख्यांच्या छोट्या पिकअप त्यात येत नाहीत, आणि रस्त्यावरच्या जुन्या ट्रकांनाही तो लागू नाही. ऊन मात्र लहान-मोठी गाडी बघत नाही! तेव्हा उन्हाळ्यात एखादी पिकअप तुमच्या दाराशी थांबली, तर तिच्या काचा बघा. भर दुपारी सगळ्या उघड्या असतील, तर आतल्या काकांना माठातलं तांब्याभर पाणी नेऊन द्या.