तिसरी पिन

बँकेत पाच लाखांचा फरक आला तर पाच मिनिटांत सापडतो. पाच रुपयांचा आला तर संध्याकाळी सातपर्यंत बसवतो. आवाजाचंही तसंच. रेडिओ बंद पडला तर बंद आहे एवढं तरी कळतं. पण कानात बारीक ‘घूंऽऽ’ चालू असेल, तर ते कुठून येतं हे ब्रह्मदेवही सांगू शकत नाही.

आमच्या चिरंजीवांच्या हेडफोनमध्ये हे घूंऽऽ शिरलं. दोन कानांवर दोन वाट्या आणि तोंडापुढे माइकची दांडी. थाट वैमानिकाचा, बैठक सिद्धेश्वरच्या माजघरात. त्यातच गेमही अडखळू लागला. पळता पळता चिरंजीव पुतळ्यासारखे उभे, आणि हलेपर्यंत गतप्राण.

‘‘बरं झालं,’’ ही म्हणाली. ‘‘आता तरी अभ्यास करेल.’’

मीही मान डोलावणार होतो. पण खरं गाऱ्हाणं पुण्याहून आलं. आमची कन्या तिकडे नोकरीला आहे. आम्हाला फोन करते तेव्हा, ‘जेवलीस का?’, ‘जेवले.’, ‘बरी आहेस ना?’, ‘बरी आहे.’ खलास! भावाशी मात्र रोज रात्री गेम खेळता खेळता तास तास बोलते. खोलीवर पाणी येत नाही, साहेब खडूस आहे, हे सगळं आम्हाला चिरंजीवांच्या ‘हो का?’वरून, तेही गोळीबार चालू असताना, समजून घ्यावं लागतं. घूंऽऽमुळे ते वार्तापत्रच बंद पडलं. मग मात्र बाह्या सरसावल्या.

खतावणी जुळत नसली की आम्ही एकेक पान तपासून बाजूला ठेवतो. तीच रीत लावली. हेडफोन मोबाइलला जोडला; आवाज स्वच्छ. म्हणजे हेडफोन निर्दोष. मग कॉम्प्युटरच्या पुढच्या भोकातून काढून मागच्या भोकात घातला. घूंऽऽ कमी झालं, पण गेलं नाही. पुढच्या भोकाची तार डब्याच्या आत इतर तारांच्या गर्दीतून जाते, आणि एसटीत शेजारच्यांचं भांडण आपल्या कानी पडतं तसं तिचं होतं. एवढ्यात डब्याच्या पत्र्याला मनगट लागलं आणि झिणझिण्या आल्या.

वायरमनने बोर्ड उघडला. वरच्या मोठ्या भोकामागे तारच नव्हती! प्लगमधली सगळ्यात जाड आणि सगळ्यात लांब पिन ती तिसरी. पण आमच्या घरी ती लग्नातल्या फेटेवाल्या मामांसारखी नुसती मिरवत होती. पत्र्यावर येणारी किरकोळ गळकी वीज तिच्यातून जमिनीत उतरायची. वाट नसली की ती पत्र्यावरच मुक्काम ठोकते, आणि सेकंदाला ५० हेलकाव्यांची ती गुणगुण कानात उतरते.

यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आमच्याच औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ होणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने त्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि मोजायचं काय, तर प्रोटॉनच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी थरथर! १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या अशाच दोन यंत्रांनी सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवरची कृष्णविवरांची टक्कर पकडली. त्यांनासुद्धा विजेची गुणगुण छळते. तिकडे ती ६० हर्ट्झची, एवढाच फरक. कृष्णविवर काय आणि कन्या काय, लांबचं ऐकायचं तर आधी जवळचं घूंऽऽ घालवावं लागतं.

अंगणात तुळशीशेजारी खड्डा खणला, पाइप उभा केला, भोवती मीठ-कोळसा भरला. ‘‘उन्हाळ्यात पाणी घालत जा, काकू,’’ वायरमन म्हणाला. तेव्हापासून ही रोज दोन तांबे पाणी घालते. एक तुळशीला, एक अर्थिंगला.

राहिला गेम. डबा उघडला तर पंख्यात गादीपुरता कापूस. प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून आपण होऊन काम मंद करतो. ‘नियमानुसार काम’ हे आंदोलन बँकवाल्यांचं, असा माझा समज होता! ब्रशने धूळ काढली, डबा भिंतीपासून वीतभर पुढे ओढला; संप मिटला.

त्या रात्री काय झालं ते मला चिरंजीवांकडून सकाळी कळलं.

‘‘ताई म्हणाली, घूंऽऽ गेलं, पण मागे घुर्रऽऽ येतंय.’’

‘‘मग?’’

‘‘मी म्हटलं, ते पप्पा आहेत, झोपलेत. उठवू का? तर म्हणाली, नको. ते असू दे.’’