मोरा बंदरातल्या मोहाच्या भट्ट्या

मोहाचे फूल पहाटेच्या सुमाराला गळते. झुंजूमुंजू होताच मेळघाटातल्या कोरकू बाया टोपल्या घेऊन झाडाखाली हजर असतात. वाळल्या फुलात निम्म्याहून जास्त साखर. दारू होते हे खरे, पण जंगलातल्या माणसाचे ते आधी अन्न आहे. आपल्या चांदूर बाजारकडच्या मंडळींना हे नवे नाही.

त्याच फुलाच्या ओढीने, कामानिमित्त मुंबईस गेलो असता, भाऊच्या धक्क्यावरून लाँच धरली आणि उरणचे मोरा बंदर गाठले. उतरताच वास आला तो मासळीचा. दीडशे वर्षांपूर्वी इथे मोहाचा आला असता. मुंबईला लागणारी मोहाची दारू उरणच्या भट्ट्यांतून जाई. मालक बहुतेक पारशी. फुले यायची पार गुजरातेतल्या पंचमहालाकडून. रीत आपल्याकडचीच. फुले भिजत घालायची, फसफसली की उकळायची, वाफ गार करून थेंब थेंब उतरवायची. फरक एवढाच की हंडीच्या जागी कारखाना!

1878 साली मुंबई इलाख्यात अबकारी कायदा आला. घरच्या हंड्या बंद. दारू गाळायची ती परवान्याने, सरकारच्या नजरेखाली. मोठ्या भट्टीवाल्यांचे फावले. 1892 साली तर ठाणे-कुलाबा जिल्ह्यांसाठी खुद्द मोहाच्या फुलांवरच कायदा झाला. अडीअडचणीला शिजवून खायचे फूल, ते घरात ठेवायलाही बंधन! दारूचे समर्थन मी करीत नाही, तिने उठलेली घरे नोकरीत पुष्कळ पाहिली. पण हे मला फार लागले.

स्कॉटलंडात ब्रोरा गावी 1819 साली जमीनदाराने भट्टी काढली, ती कुळांच्या जवाला गिऱ्हाईक मिळावे म्हणून. (त्याच कुळांना आधी डोंगरातून हुसकले होते, तो भाग वेगळा.) 1983 साली ती बंद पडली आणि 2021 साली पुन्हा पेटली. मोऱ्याला एका म्हाताऱ्या कोळीबाबांना भट्ट्यांची जागा विचारली, तर ते हसले आणि जाळे विणत राहिले.

परतीच्या लाँचची वाट पाहताना सेमाडोहकडची एक आजी आठवली. आमची जीप थांबताच तिने टोपलीवर पदर ओढला होता. म्हटले, "आजी, मी शेतकी खात्याचा." तिने मान डोलावली. पदर मात्र काढला नाही.