तारखेच्या अलीकडचे, तारखेच्या पलीकडचे

आमच्या वस्तीतल्या समाजमंदिराच्या ओट्यावर दर रविवारी सकाळी दहा ते एक आम्ही पत्र्याची एक पेटी घेऊन बसतो. पेटीत शाईचा पॅड, डिंकाची बाटली, कोरे अर्ज आणि एक कॅल्क्युलेटर. कुणाला हयातीचा दाखला हवा असतो, कुणाला पासबुकावर वारसाची नोंद करायची असते, कुणाचे आधार कार्डावरचे नाव आणि भविष्य निर्वाह निधीतले नाव जुळत नसते. आम्ही बी.कॉम. आहोत आणि सरकारी कचेरीत लिपिक आहोत. त्यामुळे सरकारी कागद आम्हांला कळतो अशी वस्तीची समजूत आहे. ही समजूत एकदा एका माउलीला किती महागात पडली, तेही आज सांगायचे आहे.

इतक्या वर्षांत पुष्कळ कागद हातांखालून गेले. प्रत्येकात कुठेतरी एक ओळ असते : हा निर्णय अमुक दिनांकापासून अंमलात येईल. लोक आधी रकमेचा आकडा वाचतात. आम्ही आता आधी ती तारीख वाचतो. एकाच गल्लीत समोरासमोर राहणाऱ्या दोन घरांपैकी एक घर त्या तारखेच्या अलीकडे पडते आणि दुसरे पलीकडे. कष्ट दोघांचे सारखे, पण पदरात पडते ते वेगळे.

आमच्याकडे येणाऱ्यांत सर्वांत वडीलधारे म्हणजे हवालदार काका. महार रेजिमेंटमध्ये बावीस वर्षे नोकरी करून ते १९९४ साली निवृत्त झाले. त्यांच्याच गावचा, त्यांच्याच हुद्द्याचा, तेवढीच नोकरी केलेला दुसरा एक हवालदार २००८ साली निवृत्त झाला. मधल्या काळात वेतन आयोग आले आणि दुसऱ्याचे पेन्शन काकांच्या पेन्शनच्या कितीतरी पुढे गेले. काका म्हणत, "मी काय अर्धी बंदूक घेऊन उभा होतो का?" या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. देशभरच्या माजी सैनिकांनी हाच प्रश्न वर्षानुवर्षे विचारला, दिल्लीला जंतरमंतरवर जाऊन बसले. तेव्हा नोव्हेंबर २०१५ मध्ये 'एक हुद्दा, एक पेन्शन' योजनेचा आदेश निघाला आणि तो १ जुलै २०१४ पासून लागू झाला. समान हुद्दा व समान सेवाकाळ यांना समान पेन्शन आणि दर पाच वर्षांनी फेरआखणी, असे ठरले. थकबाकी हप्त्याहप्त्याने आली. २०१९ पासूनच्या फेरआखणीच्या थकबाकीसाठी तर सर्वोच्च न्यायालयाला मार्च २०२३ मध्ये तारखा घालून द्याव्या लागल्या. सत्तरी ओलांडलेल्या पेन्शनरांना ३० जून २०२३ पर्यंत द्या, असे न्यायालयाने सांगितले. काका त्या गटात बसले. पैसे जमा झाल्याचा मेसेज त्यांनी आमच्याकडून दोनदा वाचून घेतला.

पण त्यांच्याच घरात आता दुसरी तारीख आली आहे. १४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली. काकांचा नातू पहाटे चारला उठून रेल्वेलाइनच्या कडेने धावायचा. २०२३ साली तो अग्निवीर म्हणून भरती झाला. नोकरी चार वर्षांची. शंभरांतल्या जास्तीत जास्त पंचवीस जणांना पुढे कायम करणार. बाकीच्यांना सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवा निधी मिळणार, पण पेन्शन नाही आणि ग्रॅच्युइटीही नाही. काका म्हणाले, "आमच्या वेळेस पंधरा वर्षे काढली की शिपायाला पेन्शन बसायचं. त्या पेन्शनवर मी दोन पोरी उजवल्या आणि हे घर बांधलं. हा पोरगा चोविसाव्या वर्षी घरी येऊन काय करणार?" आजोबा आणि नातू, गणवेश एकच. दोघांच्या मध्ये एक तारीख उभी आहे.

आमच्या समाजाला ही गोष्ट नवी नाही. १८९० च्या दशकात इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. कागदावर ते एक धोरण होते. पण ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या पलटणीचा पगार आणि पेन्शन येत होते, त्या घरांची चूल त्या कागदाने विझवली. गोपाळबाबा वलंगकर स्वतः लष्करातले पेन्शनर होते. भरती पुन्हा सुरू करा, असा विनंतिअर्ज त्यांनी लिहिला. पहिल्या महायुद्धात सरकारला माणसे हवी झाली तेव्हा दार किलकिले झाले आणि युद्ध संपल्यावर पुन्हा बंद झाले. शेवटी १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार पेन्शनीत निघाल्यावर दापोलीच्या लष्करी पेन्शनरांच्या वस्तीत येऊन राहिले होते. एका घरात पेन्शन येण्याने काय काय होऊ शकते, हे आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको.

दुसरे आहेत आमच्या गल्लीतले दादा. जन्म १९५७ चा. गिरणीत लागले आणि १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. त्यांची गिरणी पुन्हा त्यांच्यासाठी उघडलीच नाही. नंतर भाजी विकली, वॉचमनकी केली. १९९६ च्या सुरुवातीला एका कारखान्यात कायम झाले आणि २०१० मध्ये तो कारखानाही बंद पडला. हिशेब सोपा आहे, म्हणून येथे मांडतो. १६ नोव्हेंबर १९९५ पासून कामगारांना जी पेन्शन योजना लागू झाली, तिचे सूत्र असे : पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षे, भागिले सत्तर. दादांचा पगार कितीही असला तरी त्या वेळी पेन्शनपात्र पगाराची मर्यादा ६,५०० रुपये होती. ६,५०० गुणिले १४, भागिले ७०. उत्तर येते १,३००. वयाला अठ्ठावन पूर्ण झाल्यावर, २०१५ साली दादांचे पेन्शन सुरू झाले ते १,३०० रुपये. आज दहा वर्षे उलटून गेली तरी ते १,३००च आहे. या पेन्शनला महागाई भत्ता जोडलेला नाही. १ सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन १,००० रुपये झाले, पण दादांचे त्याहून तीनशे जास्त, म्हणून त्यांना त्याचाही उपयोग नाही. पेन्शनपात्र पगाराची मर्यादा त्याच दिवशी १५,००० झाली, तीही दादा बाहेर पडल्यावर.

दादा एकदा पासबुक पुढे करून म्हणाले, "भाऊ, हा आकडा काही म्हातारा होत नाही. मीच होतोय."

रुपयाच्या प्रश्नावर बाबासाहेबांनी १९२३ साली लंडनला ग्रंथ प्रसिद्ध केला. बी.कॉम.ला असताना आम्ही तो मोठ्या कष्टाने वाचला होता आणि निम्मा डोक्यावरून गेला होता. त्यांचा एक आग्रह मात्र लक्षात राहिला : रुपयाची खरेदी करण्याची ताकद स्थिर राहिली पाहिजे. तो आग्रह कोणासाठी होता, हे दादांचे पासबुक पाहिल्यावर आम्हांला कळले. ज्याची मिळकत बांधलेली आहे, त्याच्या ताटातली भाकरी महागाई दरवर्षी थोडी थोडी मोडून नेते. त्यासाठी सरकारला वेगळा आदेश काढावा लागत नाही. काहीच केले नाही तरी पुरते.

आता ज्या गोष्टीची आम्हांला आजही शरम वाटते, ती सांगतो.

आमच्या शेजारच्या मावशींचे यजमान नगरपालिकेत सफाई कामगार होते. नोकरीत असतानाच ते वारले. फंड आणि ग्रॅच्युइटीतून देणीघेणी भागवून मावशींच्या हाती २ लाख ६० हजार रुपये उरले. त्या आमच्याकडे आल्या. "बाळा, तू शिकलेला. कुठं ठेवू?" एका नागरी सहकारी बँकेचा व्याजदर तेव्हा राष्ट्रीयीकृत बँकेपेक्षा एक टक्क्याने जास्त होता. आम्ही कॅल्क्युलेटरवर फरक काढून दाखवला आणि आमच्याच हस्ताक्षरात ठेवीचा अर्ज भरला. बँकेचा ताळेबंद मागून पाहण्याची बुद्धी आम्हांला झाली नाही. कॉमर्सच्या पदवीचा उपयोग ज्या दिवशी व्हायला हवा होता, त्या दिवशी झाला नाही.

२०१७ साली त्या बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले. खात्यातून काढता येणार फक्त एक हजार रुपये. बाहेर रांग, आत कुलूप. त्या रांगेत आम्ही मावशींच्या मागे उभे होतो. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे वाटले असते. पुढल्या वर्षी बँकेचा परवाना रद्द झाला. ठेव विम्याची मर्यादा तेव्हा एक लाख रुपये होती, १ मे १९९३ पासून तीच चालत आलेली. २०१९ च्या मध्याला मावशींना एक लाख मिळाले. उरलेल्या १ लाख ६० हजारांसाठी अवसायकाकडे दावा घातला, त्याची पोच आमच्या पेटीत आहे.

आणि त्यानंतर काही महिन्यांनी, ४ फेब्रुवारी २०२० पासून, ही मर्यादा पाच लाख झाली. मुंबईतल्या एका मोठ्या सहकारी बँकेचे ठेवीदार रस्त्यावर आले, आरडाओरडा झाला, तेव्हा कुठे सत्तावीस वर्षांनी तो आकडा हलला. हलला ते चांगलेच झाले. पण ज्यांच्या बँका आधी बुडाल्या होत्या, त्यांना त्याचा लाभ नाही. तो कागद मावशींना वाचून दाखवायला आमची जीभ रेटेना. आमच्या घरच्यांनीच जाऊन सांगितले. मावशी एवढेच म्हणाल्या, "दुसऱ्या बाईचं तरी वाचेल."

मिळालेले लाख रुपये त्यांनी टपाल खात्याच्या मासिक उत्पन्न योजनेत ठेवले. तेव्हा दर ७.६ टक्के होता, महिन्याला ६३३ रुपये. ३१ मार्च २०२१ च्या संध्याकाळी बातमी आली की, सरकारने अल्पबचतीचे सर्व व्याजदर कमी केले. भविष्य निर्वाह ठेव ७.१ वरून ६.४, टपालाचे बचत खाते ४ वरून साडेतीन. मावशी रात्री दहाला दारात. "माझे किती कमी होणार?" तुमच्या ठेवीचा दर मुदत संपेपर्यंत बदलत नाही, हे आम्ही त्यांना परोपरीने समजावले. त्यांचा विश्वास बसला नाही, आणि आमच्या शब्दावर त्यांनी विश्वास का ठेवावा? सकाळी उठतो तो दुसरी बातमी : आदेश नजरचुकीने निघाला होता, मागे घेतला. त्या वेळी चार राज्यांत आणि पुद्दुचेरीत निवडणुका चालू होत्या. ती नजरचूक होती की काय होते, ते वाचकांनी ठरवावे. आम्ही एवढेच शिकलो, की रात्री ओढलेली रेघ सकाळी पुसता येते.

आता आमचे स्वतःचे. राज्य शासनाने १ नोव्हेंबर २००५ पासून नव्या कर्मचाऱ्यांचे जुने पेन्शन बंद केले. आमच्या पदाची जाहिरात त्याआधी निघाली होती, परीक्षाही झाली होती. पण नियुक्तीचा आदेश हातात पडला २००६ साली. फाइल कुणाच्या तरी टेबलावर काही महिने पडून राहिली आणि आमचे म्हातारपण बाजारभावावर गेले. मार्च २०२३ मध्ये राज्यातले कर्मचारी सात दिवस संपावर गेले. आम्हीही गेलो. पुढे जानेवारी २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने ठरवले, की ज्यांची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची आहे त्यांना जुन्या पेन्शनचा पर्याय द्यावा. आम्ही पर्यायाच्या अर्जावर सही केली. घरी पेढे आले. पण कचेरीत आमच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मित्राची जाहिरात २००८ ची. त्याने आमचे अभिनंदन केले आणि मान खाली घालून फाइल उघडली.

म्हणजे तारीख ही काही अमावास्या-पौर्णिमेसारखी आकाशातून पडत नाही. ती माणसेच लिहितात आणि माणसेच खोडतात. पण कोणासाठी खोडतात? सैनिकांसाठी खोडली, कारण ते एकजुटीने बसले. आमच्यासाठी खोडली, कारण आम्ही कचेऱ्या बंद ठेवू शकतो. दादांनी सत्तरीच्या उंबरठ्यावर काय बंद ठेवावे? मावशींनी कोणता संप करावा? धोरणाचा मार सर्वांत जास्त अशांनाच बसतो आणि त्यांच्यापाशी संघटना नसते. ज्यांची रेघ पुसली गेली, त्यांनी पेढे खाऊन गप्प बसणे हे आम्हांला बरे वाटत नाही. म्हणून बंद कारखान्यांच्या पेन्शनरांची यादी आम्ही आमच्या वस्तीपुरती करायला घेतली आहे. किमान पेन्शन वाढवा आणि त्याला महागाई भत्ता जोडा, या मागणीच्या अर्जावर पहिली सही दादांची झाली. दुसरी हवालदार काकांनी केली. या योजनेशी त्यांचा काही संबंध नसताना केली.

वाचकांना दोन गोष्टी हात जोडून सांगतो. बँकेतली ठेव मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखांपर्यंतच विम्याखाली असते, एका ठेवीदाराची एका बँकेत. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. टक्काभर जास्त व्याजासाठी बायाबापड्यांचा पैसा हलवू नका, आणि कुणी शिकलेला माणूस सांगतो म्हणून तर मुळीच नको. दुसरे, प्रत्येक खात्यावर वारसाचे नाव घाला आणि घरातल्या बाईला ते कागद कुठे आहेत ते दाखवून ठेवा.

मावशी अजूनही रविवारी ओट्यावर येतात. अर्ज भरून झाला की विचारतात, "नीट वाचलंस ना?" आम्ही पुन्हा एकदा वाचतो. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यांची गर्दी होते, तेव्हा येताना मूळ कागद आणि दोन झेरॉक्स बरोबर आणाव्यात. जयभीम.