एका सामन्याचा हंगाम

सोनई परिसरात ‘हंगाम’ हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर येतो तो साखर कारखान्याचा गळीत हंगाम. मुळा सहकारी साखर कारखान्याचा बॉयलर पेटतो, गव्हाणीत मोळी पडते, उसाने भरलेल्या बैलगाड्या व ट्रॅक्टर रस्त्याला लागतात आणि पुढील काही महिने सारे व्यवहार त्याच तालावर चालतात. परंतु त्याच्या थोडे आधी, पावसाळा ओसरत असताना, ग्रामीण महाविद्यालयांत आणखी एक हंगाम येतो आणि फारसा कोणाच्या लक्षात न येता निघूनही जातो. तो असतो आंतरमहाविद्यालयीन फुटबॉलचा.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या क्रीडास्पर्धांसाठी पुणे शहर, पुणे जिल्हा, नाशिक व अहिल्यानगर असे विभाग आहेत. महाविद्यालयांचे संघ प्रथम आपापल्या विभागात खेळतात. तेथून निवडलेले खेळाडू आंतरविभागीय स्पर्धेत उतरतात, त्यांतून विद्यापीठाचा संघ निघतो आणि तो पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेस जातो. शिडी मोठी आहे. मात्र ग्रामीण महाविद्यालयाच्या संघाला तिची पहिलीच पायरी उंच वाटते. कबड्डी आणि क्रिकेटकडे ओढा असलेल्या भागात फुटबॉलसाठी अकरा जण जमवणे हेच मोठे काम असते. नियमानुसार सात खेळाडूंपेक्षा कमी असतील तर सामना सुरूच होऊ शकत नाही. परीक्षा, घरची शेती आणि शेवटची एस.टी. यांतून वेळ काढून मुले मैदानावर येतात.

ह्या स्पर्धा बहुधा बाद पद्धतीने होतात आणि त्या पद्धतीचे गणित निष्ठुर आहे. समजा, विभागात सोळा संघ उतरले. विजेता ठरविण्यास पंधरा सामने पुरतात, कारण प्रत्येक सामन्यात एकच संघ बाहेर पडतो. आयोजकाच्या दृष्टीने हा हिशेब काटकसरीचा आहे. परंतु त्याची दुसरी बाजू अशी की, सोळांपैकी आठ संघ पहिल्याच फेरीत घरी परततात. दोन महिन्यांचा सराव आणि एक सामना, एवढाच त्यांचा हंगाम. ज्यांना खेळाची सर्वाधिक गरज असते, त्यांच्याच वाट्याला सर्वांत कमी खेळ येतो.

अशा वेळी घरात, विशेषतः दुकान-व्यापार सांभाळणाऱ्या घरात, एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘ह्यातून मिळणार काय?’ प्रश्न गैर नाही. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. पण ते वरच्या स्पर्धांत प्रावीण्य मिळविणाऱ्यांसाठी. विभागाच्या पहिल्या फेरीत हरलेल्या मुलाला त्याचा काही उपयोग नाही. त्याच्या पदरात प्रमाणपत्राहून अधिक काही पडत नाही, असे वरकरणी दिसते.

तथापि स्वतंत्र भारताच्या फुटबॉलचा आरंभही एका सामन्याच्याच हंगामाने झाला, हे येथे आठवावे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारतीय संघ फ्रान्सविरुद्ध उतरला. बहुतेक खेळाडू अनवाणी होते. दोन पेनल्टी वाया गेल्या, सामना २-१ असा हातचा गेला आणि स्पर्धा बाद पद्धतीची असल्याने भारताचे आव्हान तेथेच संपले. त्या संघाचे कर्णधार तालिमेरेन आओ हे कोलकात्याच्या कारमायकेल वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. पुढे ते डॉक्टर झाले आणि नागालँडच्या आरोग्यसेवेत त्यांनी दीर्घकाळ काम केले. खेळाने त्यांचा अभ्यास बुडविला नाही आणि एका पराभवाने त्यांचे मोल उणे झाले नाही.

मग प्रश्न उरतो तो मुलांच्या हरण्याचा नव्हे, त्यांना पुरेसे खेळू देण्याचा. अमेरिकेत शिकणाऱ्या मुलांच्या पालकांना तेथील महाविद्यालयीन क्रीडासंघटनेची तिसरी श्रेणी ऐकून ठाऊक असेल. १९७३ पासून चालत आलेल्या ह्या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. तेथील फुटबॉल वेगळे, अंडाकृती चेंडूचे. परंतु लहानात लहान महाविद्यालयाचा संघही, जिंको वा हरो, एका हंगामात सुमारे दहा सामने खेळतो. आपल्याकडे कोल्हापुरातही हेच तत्त्व दिसते. तेथे तालमींचे आणि मंडळांचे संघ शाहू स्टेडियमवर साखळी स्पर्धा खेळतात, हरलेला संघ पुढच्या सामन्याला पुन्हा उभा राहतो आणि पेठापेठांतून खेळाडू घडतात. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव हा त्याच मातीतला.

विभागीय स्पर्धेतही हे अशक्य नाही. सोळा संघांचे चार-चारांचे चार गट केले, तर प्रत्येक गटात सहा सामने होतात. गटांचे चोवीस सामने, दोन उपान्त्य आणि एक अंतिम, असे एकूण सत्तावीस. म्हणजे बारा सामने अधिक. त्यांच्या बदल्यात प्रत्येक संघाला किमान तीन सामने मिळतात. एका मैदानावर रोज दोन याप्रमाणे एका गटाचे काम तीन दिवसांत उरकते. पंचांचे मानधन, मुक्काम आणि जेवण यांचा खर्च वाढेल, हे खरे. पण सरावावर आधीच झालेला खर्च आणि मुलांनी दिलेला वेळ यांचे एका सामन्यात जे होते, तेही कुठल्या तरी रकान्यात मांडले पाहिजे.

पहिला सामना हरलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच मैदानावर उतरावे लागले, तर तो बरेच काही शिकतो. काल कोठे चुकले याचा विचार करतो, सोबत्याला दोष न देता त्याला चेंडू देतो, प्रतिस्पर्ध्याशी हस्तांदोलन करून पुन्हा जागेवर उभा राहतो. उद्या धंद्यात खोट आली किंवा पीक हातचे गेले, तरी दुसऱ्या दिवशी दुकान उघडावेच लागते, शेतात जावेच लागते. ही सवय मुलांना विसाव्या वर्षी लागावी असे वाटत असेल, तर त्यांना दुसरा सामना मिळाला पाहिजे.