पेढीचा करारनामा आणि देशाची राज्यघटना

२६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या आपल्या राज्यघटनेने पंचाहत्तरी ओलांडली आहे. काळ बदलला, व्यापार बदलला, मग जुनी घटना बाजूला ठेवून नवी का लिहू नये, असा प्रश्न समाजाच्या बैठकींत अधूनमधून ऐकू येतो. विचारणारे सुशिक्षित आणि देशाचे हित चिंतणारे असतात. म्हणून त्याचा शांतपणे विचार व्हावा.

माझी नोकरी बँकेत झाली आणि त्यातील बरीच वर्षे कर्जविभागात गेली. भागीदारी पेढ्यांचे करारनामे वाचणे हे नित्याचे काम. मुलगा भागीदार झाला किंवा नफ्याचे प्रमाण बदलले, की पूरक करार होई आणि व्यवहार अखंड चालू राही. परंतु पेढीच विसर्जित करून नव्याने मांडायचे ठरले, की आजोबांच्या काळी मिटलेले प्रश्नही पुन्हा उघडत. जागा कोणाची, नाव कोणी वापरायचे, काकूंचा वाटा किती? अशा वाटाघाटीत मोठ्या भांडवलवाल्याचा शब्द चाले. लहान वाटेकऱ्याला जुन्या करारनाम्याचाच आधार असे.

राष्ट्राचेही असेच आहे. आपल्या घटनेत कलम ३६८ नुसार दुरुस्तीची सोय आहे आणि २०२३ अखेरपर्यंत १०६ दुरुस्त्या झाल्या. त्यांपैकी १०१ वी आपल्या प्रत्येक दुकानाने अनुभवली आहे. वस्तू व सेवा करासाठी केंद्र आणि राज्ये यांच्या करविषयक अधिकारांची मूळ वाटणीच बदलावी लागली. संसदेने ती दुरुस्ती २०१६ मध्ये संमत केली, निम्म्याहून अधिक राज्यांच्या विधानसभांनी मान्यता दिली आणि १ जुलै २०१७ पासून कर लागू झाला. एवढे मोठे परिवर्तन जुन्याच घटनेत सामावले.

अर्थात, दुरुस्तीने काही जातेही. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून निघाला आणि कलम ३०० अ मध्ये केवळ कायदेशीर हक्क म्हणून उरला. व्यापारी कुटुंबांना ही गोष्ट लहान वाटणार नाही. मात्र दुरुस्तीला मर्यादा आहे. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध ६ अशा निसटत्या बहुमताने ठरविले, की संसदेला घटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. नवी घटना लिहिणाऱ्यांवर हा निर्णय बंधनकारक राहील, याची हमी कोण देणार?

घटना बदलण्याची सबळ कारणेही असू शकतात. चिली देशाची १९८० ची घटना पिनोशे यांच्या लष्करी राजवटीत आली. २०१९ च्या उग्र आंदोलनानंतर २०२० च्या सार्वमतात सुमारे ७८ टक्के मतदारांनी नव्या घटनेच्या बाजूने कौल दिला. पहिला मसुदा ३८८ कलमांचा होता आणि डाव्या विचारांकडे झुकलेला होता. सप्टेंबर २०२२ मध्ये सुमारे ६२ टक्क्यांनी तो नाकारला. दुसरा उजवीकडे झुकला. डिसेंबर २०२३ मध्ये तोही फेटाळला गेला. बदल हवा यावर एकमत झाले, परंतु कोणता बदल हवा यावर झाले नाही. अखेर अनेकदा दुरुस्त झालेली जुनीच घटना राहिली.

२०११ च्या जनगणनेनुसार आपण देशाच्या लोकसंख्येत अर्धा टक्काही नाही. घटनेच्या मूळ हस्तलिखित प्रतीत भगवान महावीरांचे चित्र आहे, याचा आपणांस सार्थ अभिमान वाटतो. परंतु आपली मंदिरे, शिक्षणसंस्था आणि व्यवसाय यांचे रक्षण १९, २५, २९ आणि ३० ही कलमे करतात. ती १९४९ मध्ये स्वीकारली गेली, तेव्हा संविधान सभेने जवळजवळ तीन वर्षे भिन्न मतांचे ऐकून घेतले होते. अनेकान्ताचा वारसा सांगणाऱ्यांना त्या संयमाचे मोल वेगळे सांगायला नको.

जे कलम जाचते, त्याच्या दुरुस्तीची मागणी अवश्य करावी. संपूर्ण करारनामा फाडण्याच्या सूचनेला मात्र लहान वाटेकऱ्याने सहजासहजी मान डोलावू नये.